थंडीत उपाशी निजू नका : पोटातल्या अन्नाची ऊब रात्री किती पुरते?

डिसेंबर लागला, पेपरात थंडीच्या लाटेच्या बातम्या यायला लागल्या की आपल्याकडं एक सल्ला हमखास फिरतो. निजायच्या आधी काहीतरी खा, रात्रभर गरम राहशील. कुणी शेंगदाणे-गूळ सांगतंय, कुणी चमचाभर तूप, कुणी उकडलेलं अंडं. आणि तीच माणसं दुसऱ्या तोंडानं सांगतात की रात्री उशिरा खाऊ नये, पित्त होतं, पोट सुटतं. मग नेमकं खरं काय?

बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास आहे, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १२-१४ अंशांवर येणं आपल्याला नवीन नाही, एखाद्या रात्री त्याच्याही खाली जातो, आणि खानापूर-जांबोटीकडं रानातला गारठा तर वेगळाच. पक्क्या घरात दोन रग घेऊन निजणाऱ्याला याचं फार काही नाही. पण चिकोडी, अथणी, रायबाग भागात ऊसतोडीला आलेली कुटुंबं खोपीत निजतात, पंपाची थ्री फेज वीज रात्री येते म्हणून कितीतरी शेतकरी रात्री पाणी पाजायला जातात आणि बांधावरच अंग टाकतात, मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर आणि माघात चिंचलीच्या मायाक्काला हजारो माणसं ट्रॉलीखाली नाहीतर उघड्यावर निजतात. या लोकांसाठी हा प्रश्न खरा आहे, म्हणून जरा नीट समजून घेऊया.

ऊब येते कुठनं?

पहिली गोष्ट, पांघरूण ऊब देत नाही. वाकळ असू दे नाहीतर भारीतला रग असू दे, त्यात स्वतःची गरमी शून्य. गरमी फक्त तुमचं शरीर तयार करतं, पांघरूण ती बाहेर जाऊ देत नाही एवढंच त्याचं काम.

आता गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा. चुलाणात चिपाडं टाकत राहिलं की काहिल उकळत राहते, टाकायचं थांबवलं की जाळ लगेच विझत नाही, पण मंदावतो. शरीराचं चुलाण असंच आहे, फक्त ते जन्मापासून मरेपर्यंत विझत नाही. झोपेतही हृदय चालतंय, श्वास चालतोय, यकृत, मेंदू काम करतायत, आणि या सगळ्या कामातनं गरमी बाहेर पडते. ६० किलोचा माणूस गाढ झोपेत तासाला साधारण ५५ ते ६० कॅलरी जाळतो, म्हणजे ६५-७० वॉटची गरमी. (कॅलरी म्हणजे जेवणाच्या पाकिटावर छापतात ती, एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला जेवढी लागते तेवढी.) आठ तासांच्या झोपेत साडेचारशेच्या वर कॅलरी अशाच जातात, काहीही न करता.

जेवल्यावर जाळ वाढतो तो कसा

अन्न पोटात गेलं की ते फोडायचं, रक्तात घ्यायचं, यकृतात नेऊन साठवायचं, या सगळ्याला शरीराला मेहनत पडते. त्या मेहनतीत जी जादाची गरमी तयार होते तिला अन्नाचा उष्मीय परिणाम म्हणतात. नाव अवघड आहे, पण गोष्ट साधी, खाल्लं की जाळ थोडा मोठा होतो. नेहमीच्या मिश्र जेवणात हा वाटा १० टक्क्यांच्या आसपास असतो. जेवणानंतर तास-दोन तासांत तो सगळ्यात जास्त असतो आणि मग हळूहळू उतरत चार-सहा तासांत संपतो.

हिशोब करून बघूया, कारण सगळे नुसतं “गरम पडतं” म्हणतात, किती ते कुणी सांगत नाही. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे आणि तेवढाच गूळ, दोन्ही मिळून पावणेतीनशे-तीनशे कॅलरी. त्याचे १० टक्के म्हणजे ३० कॅलरी जादा गरमी, ती तीन-चार तासांत वाटली तर तासाला आठ-दहा कॅलरी. नेहमीच्या ५५-६० मध्ये आठ-दहाची भर, म्हणजे साधारण १५ टक्के. पातळ चादरीत कुडकुडणाऱ्याला ही भर वाचवणार नाही, पण ज्याचं पांघरूण जेमतेम पुरतंय त्याला झोप लागणं आणि न लागणं यातला फरक एवढ्यावर पडू शकतो.

सगळं अन्न मात्र सारखं जाळ वाढवत नाही. प्रोटीन पचवायला शरीराला सगळ्यात जास्त कष्ट, त्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी पचनातच गरमी होऊन जातात. भात, भाकरी, साखर, गूळ यांच्यात ५ ते १० टक्के. आणि तेल-तुपात जेमतेम ३ टक्क्यांपर्यंत. म्हणजे नुसतं तूप खाऊन लगेच अंग तापतं हे काही खरं नाही. तुपाचा उपयोग वेगळा, एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, भाकरीच्या दुपटीहून जास्त, आणि चरबी पोटातनं सावकाश पुढं सरकते, त्यामुळं तिची शिदोरी लांब पुरते.

म्हणून शेंगदाणा-गूळ ही जोडी मला फार शहाणपणाची वाटते. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागं २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि जवळपास निम्मं तेल, गुळात लगेच लागू पडणारी साखर. तिन्ही गोष्टी एका मुठीत, चूल पेटवायला नको, खिशात टाकून रानात नेता येतात, आणि स्वस्त. गोकाकचं करदंट घ्या, डिंक, सुकामेवा, गूळ, तेही याच जातीचं. संक्रांतीचा तीळगूळ, भोगीची बाजरीची भाकरी वर तीळ लावलेली, कानडी शेजाऱ्यांचं एळ्ळू-बेल्ल, सगळं ऐन थंडीत येतं आणि सगळ्यात तेल, गूळ नाहीतर दाणा भरपूर. हे कुणी कॅलऱ्या मोजून ठरवलं नसणार, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानं ठरलं.

“माझ्या अंगात चरबी काय कमी आहे? इंधन तर आहेच की!”

हा प्रश्न एकदम बरोबर आहे. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे सात हजारांच्या वर कॅलरी, एका रात्रीत कुणाचं इंधन संपत नाही. दुपारी-रात्री पोटभर जेवलेल्या माणसानं झोपताना परत खाल्लं नाही म्हणून तो थंडीनं मरत नाही.

पण दिवसभर राबलेल्या, अर्धपोटी माणसाची गोष्ट वेगळी. शरीरात साखरेची एक साठवण असते, यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत तीन-चारशे ग्रॅम. दिवसभर ऊस तोडून मोळ्या वाहिल्या, किंवा डोंगर चढून पायी आला, की स्नायूतली बरीचशी संपते, आणि रात्रभर उपास पडला की यकृतातली पण आटत जाते. आता थंडी वाजली की शरीराचा हुकमी उपाय कोणता? थरथरणं. थरथरताना स्नायू जी गरमी करतात ती नेहमीच्या चार-पाच पट जाऊ शकते, आणि जोरात थरथरायला ही साठवणीतली साखरच जास्त कामी येते. चरबी जळते, पण सावकाश. रक्तातली साखर फारच खाली गेली तर थरथरणंच कमी पडतं, म्हणजे ज्या वेळी गरज त्याच वेळी हत्यार बोथट.

आणखी एक, जो माणूस बरेच दिवस कमीच खातोय त्याचं शरीर काटकसर करायला लागतं, जाळच बारीक ठेवतं. म्हणून उपास धरणाऱ्यांना, वजन कमी करायला जेवण तोडलेल्यांना सारखी थंडी वाजते. उघड्यावर निजायचं असेल त्या दिवशी कडक उपास धरू नये असं मला मनापासून वाटतं, देवीला जाताना धरायचाच असेल तर निदान रात्री सोडा.

हिमालयात जाणारे ट्रेकर झोपायच्या आधी सुकामेवा-चॉकलेट खातात ते यामुळंच, ध्रुवाकडच्या मोहिमेतली माणसं तर दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी खातात. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या बेळगावातच असल्यामुळं सीमाभागात गावोगावी फौजेतनं रिटायर झालेली माणसं आहेत, उंचावरच्या पोस्टिंगवर जेवणाला किती महत्त्व असतं ते त्यांना विचारा.

मग पहाटेच जास्त का गारठतं?

बाहेरचा पारा पहाटे सगळ्यात खाली असतो हे एक कारण झालं. दुसरं आतलं. झोप लागायच्या वेळेला शरीर मुद्दाम हातापायाच्या कातडीत रक्त जास्त सोडतं आणि गरमी बाहेर टाकतं, तसं केल्याशिवाय गाढ झोप लागत नाही. आतलं तापमान रात्रभर उतरत जातं आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास दिवसापेक्षा जवळपास एक अंशानं खाली असतं. आठला जेवलेल्या माणसाच्या जेवणाचा जाळ तोपर्यंत कधीच उतरलेला असतो. म्हणजे बाहेर गार, आत गार, आणि जेवणाची भर संपलेली, तिन्ही एकाच वेळी. रात्री पाणी पाजायला जाणाऱ्यांनी म्हणूनच सगळं एकदम खाऊन जाण्यापेक्षा मूठभर जवळ ठेवावं, दोन-तीनला जाग आली की खावं.

गरम चहा, मिरची आणि ‘उष्ण’ पदार्थ

चहानं अंगात गरमी येते असं सगळ्यांनाच वाटतं. कपभर म्हणजे १५० मिली चहा ६० अंशांचा धरला, तर तो अंगाच्या ३७ अंशांपर्यंत उतरताना शरीराला साडेतीन कॅलरीसुद्धा देत नाही. म्हणजे तुमचं शरीर तीन-चार मिनिटांत तयार करतं तेवढीच. त्यातल्या दोन चमचे साखरेत ४० कॅलरी इंधन आहे, चहापेक्षा साखरच खरी. तरी हात शेकतात, घसा-छाती शेकते, बरं वाटतं, त्याला मी नाही म्हणत नाही, पण कडक चहानं झोप उडते, त्यापेक्षा गरम दूध-गूळ बरं. खरंतर तेच गरम पाणी पिण्यापेक्षा बाटलीत भरून, घट्ट बूच लावून, फडक्यात गुंडाळून पायाशी घेतलं तर जास्त उपयोग, लिटरभर पाणी वीस-बावीस कॅलरी देतं आणि तीही नेमकी पायाला. (डायबेटीसवाल्यांच्या पायाला बधिरपणा असेल तर मात्र जपून, चटका कळत नाही.)

मिरचीचं वेगळंच. लाल तर्री, ठेचा खाल्ला की तोंड, कान तापतात, कपाळाला घाम येतो. मिरचीतला तिखट अंश गरमी ओळखणाऱ्या नसांनाच फसवतो, त्यामुळं शरीराला वाटतं की आपण तापलोय आणि ते घाम सोडून गार व्हायला बघतं. जेवणात तिखट खा, पण ऊब मिळावी म्हणून नको. ती तर्रीखालच्या मटणातनं मिळते.

“चार वाकळा घेतल्या की झालं, खायचं कशाला?”

इथं मात्र मी थोडा वेळ घेणार, कारण खाण्यापेक्षा ही गोष्ट मोठी आहे, आणि बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

अंगावर चार पांघरुणं आणि खाली एक सतरंजी, असं निजलेली माणसं जत्रेत हमखास दिसतात. पांघरुणाची ऊब म्हणजे त्याच्यात अडकलेली हवा. आपण ज्याच्यावर निजतो ते वजनानं दबतं, हवा निघून जाते, आणि पाठ, कंबर, मांड्या जवळजवळ थेट जमिनीला टेकतात. जमीन गार, फरशी तर त्याहून वाईट, ती रात्रभर गरमी ओढत राहते. वर कितीही घ्या, ती खालनं जात राहणार. चुलाणाच्या बुडालाच भोक असलं तर चिपाडं किती टाकणार?

म्हणून तीन पांघरुणं असतील तर निदान एक खाली घाला. नसतील तर भाताचं पिंजर, कडबा, उसाचा वाळलेला पाला जाड अंथरा, वीतभर तरी, कारण दबून ते निम्मं होतं. त्याच्यावर प्लास्टिक किंवा पोतं, म्हणजे ओल वर येत नाही. जाड पुठ्ठ्याचे खोके फोडून दोन-तीन थर घातले तरी फरक कळतो. पाल्यात उंदीर-विंचू असतात, त्यामुळं अंथरण्याआधी झटकून घ्या, आणि जवळ जाळ नको.

दुसरी गोष्ट ओल. ओलं कापड अंगावर असलं की सगळा हिशोब बिघडतो, पाणी गरमी हवेपेक्षा २५ पट वेगानं ओढून नेतं. पाणी पाजून आल्यावर ओल्या धोतरात, ओल्या पायानं पडू नका, पाय पुसून कोरडे मोजे घाला, दिवसभर घामानं भिजलेली बनियनसुद्धा बदला. आपलं घोंगडं इथं सरस ठरतं, लोकर स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास ओल पिऊनही ऊब टिकवते, सुती चादर तसं करत नाही. धनगर मंडळी पाऊस-वाऱ्यात मेंढरांमागं घोंगड्यावर राहतात ते उगीच नाही.

तिसरी वारा आणि उघडं आभाळ. निरभ्र रात्री अंगाची गरमी सरळ आभाळाकडं जाते, म्हणून नुसती ताडपत्री वर बांधली, झाडाखाली किंवा ट्रॉलीखाली निजलं तरी बरं पडतं. यल्लम्माच्या डोंगरावर वारा जोरात असतो, तिथं वाऱ्याच्या बाजूला सामान रचून आडोसा करा. डोक्यातनं अंगातली निम्मी गरमी जाते असं म्हणतात ते चूक आहे, दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाते, पण बाकी सगळं झाकलेलं असेल तर उघडं डोकं हाच मोठा दरवाजा राहतो, त्यामुळं कानटोपी घाला. फक्त तोंडावरनं पांघरूण ओढू नका, श्वासाच्या वाफेनं ते आतनं दमट होतं.

तेव्हा माझ्या मते क्रम असा, आधी खालचं अंथरूण, मग कोरडे कपडे, मग वरचं पांघरूण, मग खाणं. पण चौथं आहे म्हणून सोडून द्यायचं नाही, कारण पहिली तीन फक्त राखतात, तयार करणारं हे एकटंच.

पित्त आणि वजन

पोट फुटेस्तोवर जेवून लगेच आडवं झालं तर जळजळ होणारच. म्हणून मुख्य जेवण निजायच्या दोन-तीन तास आधी, आणि झोपताना फक्त लहानसं काहीतरी, मूठभर दाणे-गूळ, कपभर दूध, एखादं अंडं, अर्धी भाकरी शेंगाचटणी लावून. जळजळीचा त्रास असणाऱ्यानं डाव्या कुशीवर निजावं, त्या कुशीवर आम्ल वर यायला अवघड जातं. वजनाचं म्हणाल तर ही जादाची भर नाही, दिवसभराच्या खाण्यातला थोडा वाटा रात्रीकडं सरकवायचा. आणि पक्क्या घरात रग घेऊन निजणाऱ्याला याची काहीच गरज नाही, त्यानं उगीच थंडीचं निमित्त करून खाऊ नये.

“मला तर जेवल्यावर उलट थंडी वाजते”

वाजू शकते. जेवल्यावर पोटाकडं, आतड्याकडं रक्त जास्त जातं, हातपाय थोडा वेळ गार वाटतात, त्यात गार पाणी प्यायलं आणि एका जागी बसून राहिलं की हुडहुडी भरते. अर्ध्या-एक तासात कमी होते. पण बाराही महिने, इतरांपेक्षा जास्त थंडी वाजत असेल, सोबत दम लागतोय, थकवा येतोय, केस गळतायत असं असेल तर रक्त आणि थायरॉईड तपासून घ्या. बायकांमध्ये रक्त कमी असणं फार सर्रास आहे आणि “मला थंडी सोसत नाही” म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं.

दारू आणि शेगडी, दोन्ही नको

दारूनं कातडीच्या नसा मोकळ्या होतात, गरम रक्त कातडीत येतं, म्हणून ऊब वाटते, आणि तीच गरमी भराभर बाहेर निघून जाते. वर थरथरणं कमी होतं, थंडी कळत नाही, यकृताचं साखर सोडायचं काम पण अडतं. उघड्यावर पिऊन निजलेल्या माणसाला १०-१२ अंशांतसुद्धा धोका असतो, बर्फच पाहिजे असं नाही.

आणि बंद खोलीत, ताडपत्रीनं बंद केलेल्या खोपीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं ठेवून कधीच निजू नका. त्यातनं निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपेतला माणूस झोपेतच जातो, अख्खं कुटुंब जातं. शेकायचं ते बाहेर शेका, विझवून मग आत या.

ज्यांनी जास्त जपायचं

डायबेटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं दिवसभर चालून, कष्ट करून रात्री कमी खाल्लं तर झोपेत साखर खाली जाऊ शकते. गार घाम, थरथर, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं, आणि जत्रेत लोक त्याला थंडी समजून वर आणखी एक वाकळ टाकतात. अशा वेळी आधी साखर किंवा गुळाचं पाणी द्या, शुद्धीवर असेल तरच. जत्रेला निघायच्या आधी डोसबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवा.

म्हाताऱ्या माणसांचा जाळ मुळातच बारीक झालेला असतो, थरथर कमी, आणि थंडी वाजतीय हे त्यांना उशिरा कळतं. आजी-आजोबांनी “मला काय होतंय” म्हटलं तरी पोटाला हात लावून बघा, पोट गार लागलं तर काम गंभीर आहे.

तान्ह्या लेकरांना नीट थरथरता येत नाही. त्यांच्याकडं खांद्यांच्या मधे, मानेपाशी एक खास तपकिरी चरबी असते, ती जळून गरमी करते, पण त्या जळणाला दूध लागतं. खोपीतल्या आयांनी रात्री लेकरू रडायची वाट न बघता अंगावर पाजावं, टोपी-मोजे घालून बाळ उघड्या छातीला लावून वरनं दोघांवर पांघरूण घ्यावं, बाळाचं नाक-तोंड मोकळं ठेवून. आणि त्या आईच्या ताटात दोन भाकरी जास्त पाहिजेत, कारण दोन चुलाणं ती एकटी चालवतीय.

कुणीही थरथरत होता आणि अचानक थरथरणं थांबलं, बोलणं अडखळायला लागलं, उलटसुलट बोलायला लागला, तर बरं वाटायला लागलंय असं समजू नका. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं असण्याची ती खूण आहे. ओले कपडे काढा, खाली-वर जाड पांघरूण, दुसऱ्या माणसाच्या अंगाची ऊब द्या, हातपाय चोळू नका, गिळता येत असेल तरच कोमट गोड पाणी द्या, आणि १०८ ला फोन लावा.